एक नख की वीस नखे?

मंडळी, आज पाटी-पुस्तक थोडे बाजूला ठेवू. दोन्ही हात पुढे करा. उजेडात धरा. तळवे खाली, नखे वर. आज आपल्याला नखे वाचायची आहेत.

"नखं काय वाचायची? त्यावर काय अक्षरं असतात?" आमच्या रात्रीच्या वर्गात एका दादांनी असे विचारले होते. वर्गात हशा पिकला. पण त्याच दादांचे एक नख काळे होते, आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनींची सगळी नखे चुन्यासारखी पांढरी होती. दादा आपल्या काळ्या नखाची काळजी करीत होते. वहिनींना कसलीच काळजी नव्हती. खरे तर काळजी उलटी हवी होती. ती का, ते आता बघू.

आधी नख म्हणजे काय ते समजून घ्या. बैलाचे शिंग, शेळीचे खूर, आपले केस आणि आपली नखे ही सगळी एकाच जातीच्या द्रव्याची बनतात. त्या द्रव्याला केराटिन म्हणतात. त्यात जीव नसतो. म्हणून नख कापले तरी दुखत नाही. पण नखाच्या खाली जे मऊ मांस असते, ते जिवंत असते. त्यात रक्त खेळते. त्याला आपण नखाची गादी म्हणू. आणि नख तयार होते ते नखाच्या मुळाशी, कातडीच्या आत. अंगठ्याच्या नखाला खाली पांढरी चंद्रकोर दिसते ना? ते त्या मुळाचे बाहेर डोकावणारे टोक आहे.

आता कंदील आठवा. कंदिलाची काच काळी दिसली, तर दोन गोष्टी असू शकतात. एक, काचेला काजळी लागली. दोन, आतली ज्योतच बिघडली. नखाचेही तसेच. नख म्हणजे काच. तिला स्वतःचा रंग फारसा नसतो. आपल्याला जो गुलाबी रंग दिसतो, तो गादीतल्या रक्ताचा. नखाचा रंग बदलला, की पहिला प्रश्न असा विचारायचा : हा रंग काचेवर आहे, की काचेखाली आहे, की ज्योतीचा आहे?

हे ओळखायला एक सोपी खूण आहे. रंग एका नखाला आहे, की सगळ्या नखांना? एकच नख बिघडले असेल, तर दुखणे बहुतेक त्या बोटाचे असते. वीसही नखे बदलली असतील, तर दुखणे अंगातले असण्याचा संभव मोठा. सगळ्या वेळी हे बरोबर येतेच असे नाही. पण सुरुवात इथून करावी.

नख वाढते हे आपल्याला ठाऊक आहे. किती वाढते? हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकते. म्हणजे बाजरीच्या एका दाण्याएवढे. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे नख यायला साधारण ६ महिने लागतात. पायाचे नख त्याहून आळशी. अंगठ्याचे नख नवे व्हायला वर्ष-दीड वर्ष जाते.

हे तुम्ही सर्वांनी डोळ्यांनी पाहिले आहे, बरं का. मत द्यायला गेलो की डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतात. ही शाई कर्नाटकात म्हैसूरच्या कारखान्यात तयार होते. १९६२ सालच्या निवडणुकीपासून ती वापरात आहे. तिच्यात चांदीचा क्षार असतो. उजेड लागला की तो काळा पडतो. कातडीवरची शाई काही दिवसांत जाते. नखावरची मात्र जात नाही. कितीही घासा. नख वाढते तशी ती खूण पुढे पुढे सरकते, आणि शेवटी कापलेल्या नखाबरोबर निघून जाते. म्हणजे नखावर बसलेला डाग नखाबरोबर चालतो. हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

काचेवरची काजळी म्हणजे बाहेरून लागलेला रंग. मेंदी, हळद, विडीचा धूर. विडी ओढणाऱ्याची दोन बोटे पिवळी असतात. त्यात नखाचा दोष नाही, आणि तो पिवळेपणा घासून काढण्यापेक्षा विडी सोडणे बरे. पण आपल्या जिल्ह्यात याहून मोठी गोष्ट आहे ती मिरचीची.

मिरचीच्या हंगामात नंदुरबारच्या बाजूला गेलात, तर लांबूनच जमीन लाल दिसते. त्या मिरचीच्या पथाऱ्या. ओली लाल मिरची तिथे पसरून वाळवतात. बाया दिवसभर बसून मिरची निवडतात, देठ काढतात. संध्याकाळी नखे तांबूस झालेली असतात आणि बोटे भाजल्यासारखी होतात. रात्री बाळाला अंगावर घ्यायचे तरी भीती वाटते, हात लागला तर ते रडेल म्हणून.

मिरचीचा लाल रंग नखाला काही करीत नाही. त्रास देते ते तिखट द्रव्य. ते पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून नुसत्या पाण्याने कितीही हात धुतले तरी आग राहते. आधी हाताला गोडे तेल चोळावे, ते पुसून काढावे, मग साबणाने धुवावे. कामाला बसताना रबरी हातमोजे मिळाले तर फारच चांगले. पण मोजा फाटका नको. फाटक्या मोज्यात तिखट शिरले, की ते आतच राहून जास्त जाळते.

आणखी एक बारीक गोष्ट. नखाच्या मुळाशी पातळ कातडीची एक किनार असते. ती नखाला घट्ट चिकटून दार बंद ठेवते. हात रोज तिखटात, पाण्यात, शेणात, सोड्यात राहिले की ती किनार सुटते. दार उघडे पडते. मग माती आणि जंतू आत शिरतात. नखाच्या कडा सुजतात, नख वेडेवाकडे आणि काळपट-हिरवट येते. धुणी-भांडी करणाऱ्या बायांना हे फार होते. औषधाइतकाच उपाय म्हणजे हात कोरडे ठेवणे. आम्हाला ठाऊक आहे, हे सांगायला सोपे आहे. ज्या बाईला चार घागरी पाणी आणायचे, तिने हात कोरडे कसे ठेवायचे? तरी काम झाले की बोटे पदराने नीट टिपावी, रात्री तेलाचा हात लावावा, आणि ती किनार दाताने किंवा ब्लेडने कापू नये.

शेतातल्या औषधांनीही नखे बिघडतात. तणावर मारायचे पॅराक्वाट नावाचे औषध आहे. फवारणीचा पंप गळका असला, की औषध बोटांवर उतरते. मग नखांवर आडवे पांढरे-पिवळे पट्टे येतात, नखे ठिसूळ होतात, कधी गळूनही पडतात. नख पुन्हा येईल. पण नखापर्यंत आलेले औषध हातातून तोंडात गेले तर? पॅराक्वाट पोटात गेले तर माणूस वाचणे कठीण. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. तिथली औषधे वेगळी होती, पण धडा तोच आहे. गळका पंप वापरू नका. औषध काठीने ढवळा, हाताने नव्हे. फवारणी झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखूची पुडी सोडू नका.

आता त्या दादांच्या काळ्या नखाकडे वळू. दादा ऊसतोडीला बारडोलीकडे गेले होते. आपल्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. मोळ्या भरताना त्यांचे बोट गाडीच्या फळीत सापडले. नख क्षणात निळे झाले, मग काळे. रात्रभर बोट ठणकत होते. जणू बोटातच काळीज धडधडते आहे.

असे का होते? गादी चेचली जाते. रक्त बाहेर येते. पण वर नखाची काच, खाली हाड. रक्ताला जायला जागा नाही. ते तिथेच दाबून बसते, म्हणून ठणका. बोट लगेच गार पाण्यात धरावे आणि हात छातीच्या वर उंच ठेवावा. ठणका फार असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जावे. डॉक्टर नखाला एक बारीक भोक पाडतात. रक्त निघते आणि माणूस सुटकेचा श्वास सोडतो.

काही माणसे हे घरीच करतात. चुलीत सुई तापवतात आणि नखात खुपसतात. आम्ही हे पाहिले आहे. करू नका. जोराने चेचलेल्या बोटात पुष्कळदा खालचे हाडही मोडलेले असते. त्या सुईच्या वाटेने जंतू हाडापर्यंत जातात. मग नखाचे दुखणे हाडाचे होते.

दादांचा ठणका तीन दिवसांनी आपोआप थांबला होता. वर्गात आले तेव्हा नख काळे होते, पण दुखत नव्हते. आम्ही त्यांना विचारले, "दादा, काळ्या डागाच्या खाली, मुळाकडे, चांगलं नख दिसतं का?"

"दिसतं की. इतकंसं आलंय."

"मग झालं तर. डाग पुढं चाललाय."

मतदानाच्या शाईसारखाच हा डाग नखाबरोबर चालतो. पाच-सहा महिन्यांत दादांचे नख स्वच्छ झाले.

पण सगळ्यांचे असे सोपे नसते. कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात, किंवा कोयत्याखाली बोट गेले तर नख उखडते आणि गादी फाटते. ही गादी म्हणजे नखाचा रस्ता आहे. रस्त्यात खड्डा राहिला तर गाडी कशी चालेल? गादी वेडीवाकडी जुळली, की नख जन्मभर दुभंगलेले येते, किंवा खालच्या मांसाला धरतच नाही. मुळालाच इजा झाली तर कधी नख येतच नाही. नख नसले तर काय बिघडले, असे म्हणू नका. नखावाचून सुई उचलून बघा. काटा काढून बघा.

म्हणून लोंबणारे नख ओढून काढू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने बोट धुवावे. स्वच्छ फडके दाबून धरावे. आणि दवाखाना गाठावा, शक्य तर त्याच दिवशी. डॉक्टर गादीला बारीक टाके घालतात. पुष्कळदा तेच जुने नख धुऊन परत जागेवर बसवतात, गादीला झाकण म्हणून. बोटाचा तुकडाच तुटला असेल, तर तो स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळावा, पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधावे, आणि ती पिशवी बर्फावर ठेवून बरोबर न्यावी. तुकडा थेट बर्फात टाकू नये.

जखमेवर शेण, राख, चूल्यातली माती, चुना-तंबाखू काही लावू नका. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. धनुर्वाताची सुई घेतली आहे का, हे डॉक्टर विचारतील. कधी घेतली ते आठवत नसेल तर तसे सांगा, लाजू नका. मुकादम म्हणेल, "एवढ्याशा बोटासाठी खाडा करतोस?" त्याला म्हणावे, बोट माझे आहे.

नखुरड्याबद्दल थोडे बोलू. नखाच्या कडेला बोट लाल होते, सुजते, ठणकते, आत पू होतो. आपल्याकडे लिंबाला भोक पाडून त्यात बोट घालतात. आमच्या घरीही घालत असत. लिंबाने गार वाटते, कातडी थोडी मऊ होते. पण लिंबू पू काढीत नाही. सुरुवातीला, पू होण्याआधी, सोसवेल इतक्या कोमट मिठाच्या पाण्यात बोट दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटे बुडवावे. यानेच पुष्कळ नखुरडी बसतात. पू दिसू लागला की तो डॉक्टरकडूनच काढून घ्यावा. सूज तळहाताकडे चालली, लाल रेघ मनगटाकडे चढली, ताप आला, किंवा माणसाला मधुमेह असला, तर एक दिवसही थांबू नका.

बुरशीने बिघडलेले नख मात्र दुखत नाही. ते पिवळट, जाड, भुसभुशीत होते, कडेने झिजते. पायाच्या अंगठ्याला जास्त. त्याचे औषध महिनोन् महिने घ्यावे लागते, कारण नवे नख यायलाच तेवढे दिवस लागतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून औषध फेकू नये.

आणि पांढरे ठिपके? नखावर एखाददुसरा पांढरा ठिपका आला की कोणी म्हणते नवे कपडे मिळणार, कोणी म्हणते अंगात चुना कमी झाला. दोन्ही खरे नाही. नखाच्या मुळाला कधी बारीक ठोकर लागली होती, एवढाच त्याचा अर्थ.

आता वहिनींकडे येऊ. त्यांची वीसही नखे पांढरी. घासण्यासारखे काही नाही, लागलेले नाही. म्हणजे ज्योतीकडे पाहायला हवे.

आपले एक नख दाबा. पांढरे झाले? सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. वहिनींच्या नखात परत यायला गुलाबी रंगच नव्हता. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, तीही फिकी. जीभ फिकी. नखे मधे खोलगट झाली होती, चमच्यासारखी. पाण्याचा थेंब ठेवला तर त्यावर राहील अशी. ही रक्तपांढरीची जुनी खूण आहे. अंगात लोह कमी पडले की रक्तातले लाल द्रव्य, म्हणजे हिमोग्लोबिन, कमी होते. बाईमाणसाला ते १२ तरी हवे. गरोदर बाईला ११ तरी. पुरुषाला १३.

वहिनींना आम्ही विचारले, "चढ चढताना धाप लागते का?"

"लागते. पण बाईला लागतेच की."

बाईला लागतेच, हे वाक्य आम्ही पाड्या-पाड्यावर ऐकले आहे. ते खरे नाही. बाळंतपणे, पाळीत जाणारे रक्त, सगळ्यांच्या मागून जेवण, आणि अनवाणी पायांतून शिरणारे आकडी-जंत, यांनी रक्त कमी होते. पोटात हे जंत रोज थोडे थोडे रक्त पितात. लोहाची लाल गोळी उपकेंद्रात आणि आशाताईंकडे मिळते. तिला पैसे पडत नाहीत. गोळीने शौचाला काळे होते, थोडे मळमळते. घाबरू नये. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहा लोहाला अडवतो. लिंबू पिळलेले पाणी, आवळा, चिंच यांनी लोह अंगी लागते. अंबाडी, शेवग्याचा पाला, बाजरी, कडधान्ये, आणि खात असाल तर मासे, मटण, कलेजी जेवणात असू द्यावी.

पण थांबा. आपल्या जिल्ह्यात नखे पांढरी किंवा पिवळट दिसली, की नुसती लोहाची गोळी पुरत नाही. आणखी एक तपासणी करावी लागते. ती सिकलसेलची.

रक्तात तांबड्या पेशी असतात. त्या गोल, मऊ असतात, बारीक नळीतूनही वाकून जातात. सिकलसेलच्या आजारात त्यांचा आकार विळ्यासारखा होतो. विळे एकमेकांत अडकतात. नळी तुंबते. जिथे तुंबते तिथे भयंकर कळा येतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याची पेशी १० ते २० दिवसच. म्हणून रक्त कमी पडते. पेशी फुटून डोळे आणि कातडी पिवळी दिसतात. लहान बाळाचे हातापायांचे पंजे सुजतात, ते बोटाला हात लावू देत नाही.

हा आजार १९१० साली अमेरिकेत शिकागो शहरात डॉक्टर हेरिक यांनी प्रथम लिहून ठेवला. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींच्या रक्तात त्याची नोंद झाली. आपल्याकडे भिल्ल आणि पावरा समाजांत तो आहे. पण तो कुणा एकाच जातीचा नाही, आणि कुणाच्या पापाने किंवा नजरेने होत नाही. तो आई-बापाकडून येतो.

पेरणीचे उदाहरण घेऊ. प्रत्येक मुलाला दोन दाणे मिळतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्ही चांगले असतील तर मूल निरोगी. एक चांगला, एक बिघडलेला असेल तर ते मूल वाहक. वाहकाला बहुधा काही त्रास होत नाही. तो शेतात राबतो, नाचतो, सगळे करतो. दोन्ही दाणे बिघडलेले असतील, तर मूल आजारी. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मुलाचा संभव चारात एक, वाहकाचा चारात दोन, निरोगी मुलाचा चारात एक. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही. चिठ्ठी दर वेळी नव्याने निघते. म्हणून लग्नाआधी मुलाने आणि मुलीने, दोघांनीही तपासावे. नुसत्या मुलीला तपासणे हा अन्याय आहे.

आम्हाला इथे अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावरची गोष्ट सांगायची आहे. तिथल्या आठ वर्षांच्या एका मुलाला सिकलसेल होता. महिन्या-दोन महिन्यांनी कळा येत. मग डॉक्टरांनी त्याला हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल सुरू केल्या. या औषधाने कळा कमी येतात आणि रक्त टिकते. मुलगा शाळेत जाऊ लागला. सहा-सात महिने बरे गेले.

मग त्याच्या आजीने त्याची नखे पाहिली. नखांवर मुळापासून टोकापर्यंत काळसर रेघा उभ्या राहिल्या होत्या. एका नखाला नाही, सगळ्या नखांना. आजी घाबरली. ती पावरी बोलीत म्हणाली, "हे औषध पोराला आतून जाळतंय. नखातून बाहेर पडतंय बघा." तिने कॅप्सूल बंद केल्या. कुणाला विचारले नाही. आम्ही तिला दोष देत नाही. तिने नखे पाहिली होती, आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती.

थंडीचे दिवस आले. एका रात्री पोराला अशी कळ उठली, की चार माणसांना धरवेना. झोळी करून त्याला सडकेपर्यंत आणले, तिथून गाडीने घाट उतरवून नंदुरबारला नेले. तेथे रक्त चढवले. मुलगा वाचला.

नंतर डॉक्टरांनी आजीला जवळ बसवून सांगितले. या औषधाने कित्येकांची नखे काळसर होतात. त्याने अपाय होत नाही. औषधाने नख काळे झाले, म्हणजे औषध विषारी झाले असे नाही. रक्ताची तपासणी ठरलेल्या दिवशी करायची, औषध मात्र आपल्या मनाने थांबवायचे नाही. आजीने विचारले, "हे आधी का नाही सांगितलंत?" डॉक्टर म्हणाले, "आजी, चूक आमची झाली." आजीचा प्रश्न आम्हाला रास्त वाटतो. औषध घेताना आपणही विचारावे : याने अंगावर, लघवीला, नखांना काय दिसेल? क्षयाच्या औषधाने लघवी लाल होते, हे आधी ठाऊक असले की माणूस घाबरत नाही. तसेच हे.

सिकलसेल असलेल्या माणसाने भरपूर पाणी प्यावे, थंडीत अंग झाकावे, उन्हात फार राबू नये. ताप, छातीत दुखणे, एकाएकी पांढरेफटक पडणे, हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच रुग्णालयात न्यावे. आणि अशा माणसाने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. वारंवार रक्त चढवले असेल तर अंगात लोह आधीच जास्त झालेले असू शकते. गरोदर राहायचे असेल तर हायड्रॉक्सीयुरियाबद्दल आधीच डॉक्टरांशी बोलावे.

तपासणीला बोटातून रक्ताचा एक थेंब लागतो. त्यात शंका आली तर पुढची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत होते. सिकलसेलची देशव्यापी मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सुरू झाली. आपला नंदुरबार जिल्हाही १ जुलैलाच, १९९८ साली, धुळ्यापासून वेगळा झाला. तारीख लक्षात ठेवायला सोपी.

वहिनींची तपासणी झाली. त्यांना सिकलसेल नव्हता. लोहच कमी होते. हिमोग्लोबिन ७ निघाले. गोळ्या, जंतांचे औषध आणि पोटभर जेवण, एवढ्यावर तीन-चार महिन्यांत पापणीला रंग आला. नखे सपाट व्हायला मात्र वेळ लागला. जुने नख जाऊन नवे यायला हवे ना!

आणखी दोन-तीन खुणा सांगून टाकू. नखे आणि ओठ निळे पडले, दम लागतो आहे, तर वाट पाहू नका, हृदयाला किंवा फुप्फुसाला हवा पुरत नाही. बोटांची टोके ढोलकीच्या काठीसारखी फुगली आणि नखे घुमटासारखी वाकली, खोकला जुना आहे, तर छातीची तपासणी करून घ्या. डोळे पिवळे असतील, तर कावीळ किंवा सिकलसेल.

आणि काळी उभी रेघ. आपली कातडी सावळी. सावळ्या माणसाच्या दोन-चार नखांवर तपकिरी रेघा जन्मजात रंगाच्याही असतात. पण मोठेपणी एकाच नखावर नवी काळी रेघ आली, ती रुंद होऊ लागली, काळेपणा बाजूच्या कातडीवर उतरला, तर डॉक्टरांना दाखवा. क्वचित ती कर्करोगाची खूण असते. इथे एक नख म्हणून निष्काळजी राहू नका. चेचल्याचा डाग पुढे चालतो. हा डाग चालत नाही, मुळाशी धरून राहतो.

तो चालतो की नाही, हे कसे कळणार? आता तुम्हाला लिहिता येते. वहीत आजची तारीख लिहा. खाली बोटाचे नाव लिहा. आपल्या बोटाएवढे नख काढा, आणि डाग जिथे आहे तिथे टिंब द्या. एक महिन्याने त्याच्याच शेजारी दुसरे नख काढा आणि टिंब द्या. दोन टिंबांत बाजरीच्या दाण्याएवढे अंतर पडले का बघा. नसेल पडले, तर ती वही घेऊनच दवाखान्यात जा. डॉक्टरांना तोंडी सांगण्यापेक्षा ते पान दाखवा.